संधीच नाही, तर पुरस्कार कोणाला? एमी पुरस्कार आणि कृष्णवर्णीय अभिनेत्रींचा हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ७७वा प्राइमटाइम एमी पुरस्कार सोहळा झाला. 'सेव्हरन्स' या मालिकेतील कामासाठी ट्रॅमेल टिलमन यांना ड्रामा मालिकेतील सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. या विभागात जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय अभिनेते. बातमी निश्चितच आनंदाची होती. पण त्याच सोहळ्यात ड्रामा मालिकेतील सर्वोत्कृष्ट मुख्य अभिनेत्रीच्या नामांकनांमध्ये एकही कृष्णवर्णीय नाव नव्हते. सहायक अभिनेत्रींच्या यादीत 'द व्हाइट लोटस'साठी नताशा रॉथवेल यांचे नाव होते, पुरस्कार मात्र दुसरीकडे गेला. मुख्य अभिनेत्रीच्या यादीत कृष्णवर्णीय नाव नसण्याची ही सलग तिसरी वेळ आहे. संपामुळे जानेवारी २०२४ पर्यंत लांबलेला ७५वा सोहळा, त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधला ७६वा आणि आता हा ७७वा.

एखादा पहिला पुरस्कार मिळाला की 'आता सगळे बदलले' असे म्हणण्याची घाई सगळीकडेच होते. 'पहिला' हा शब्द कौतुकाचा आहेच, पण तो आधीच्या सगळ्या वर्षांची कबुलीही देतो. म्हणूनच कृष्णवर्णीय अभिनेत्री आणि टीव्हीवरील ड्रामा मालिकांचे पुरस्कार यांचा हिशेब आम्ही इथे मांडत आहोत. हा सिनेनट्यांच्या झगमगाटाचा विषय नाही. समाजाच्या डोळ्यांसमोर रोज कोणाचा चेहरा माणूस म्हणून येतो आणि ते कोण ठरवते, हा यातला प्रश्न आहे.

तीन पुतळे, दोन अभिनेत्री

एमी पुरस्कारांची सुरुवात १९४९ साली झाली. ड्रामा मालिकेतील मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार कृष्णवर्णीय स्त्रीला पहिल्यांदा मिळाला तो २० सप्टेंबर २०१५ रोजी, ६७व्या सोहळ्यात. त्या अभिनेत्रीचे नाव व्हायोला डेव्हिस. त्यानंतर झेंडेया यांना 'युफोरिया'साठी २०२० आणि २०२२ मध्ये हा पुरस्कार मिळाला. आजवरचा हिशेब इथेच संपतो. तीन पुतळे आणि दोन अभिनेत्री.

अभिनयाची गुणवत्ता नव्हती म्हणून असे झाले का? डेव्हिस यांचेच उदाहरण पाहू. १९६५ साली साउथ कॅरोलायनातील एका जुन्या मळ्यावर, आजीच्या घरात त्यांचा जन्म झाला. बालपण ऱ्होड आयलंडमधील सेंट्रल फॉल्स या गावात भूक आणि उंदरांनी भरलेल्या पडक्या घरांमध्ये गेले. त्या शिकल्या, न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामवंत संस्थेत त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले. रंगभूमीवरचा मानाचा टोनी पुरस्कार त्यांनी दोनदा मिळवला, ऑस्करची दोन नामांकने मिळवली. एवढे सगळे होऊनही टीव्हीवर मुख्य भूमिका मिळाली ती २०१४ मध्ये, वयाची पन्नाशी जवळ आल्यावर. मालिका होती 'हाऊ टू गेट अवे विथ मर्डर' आणि भूमिका होती ॲनालिस कीटिंग या वकील-प्राध्यापिकेची.

ही मालिका सुरू होताना एका नामांकित अमेरिकी वृत्तपत्राच्या टीव्ही समीक्षणात, रूढ अर्थाने सुंदर मानल्या जाणाऱ्यांच्या तुलनेत डेव्हिस कमी पडतात, अशा आशयाचे लिहून आले. त्यावर मोठा गदारोळ झाला. डेव्हिस यांनी पडद्यावरून उत्तर दिले. भूमिका स्वीकारतानाच त्यांनी अट घातली होती की, ही बाई घरी गेल्यावर केसांचा टोप काढताना दिसली पाहिजे. पहिल्याच वर्षात तो प्रसंग आला. ॲनालिस आरशासमोर बसते, टोप काढते, पापण्या काढते, चेहऱ्यावरचा रंग पुसते. घरोघरी लाखो कृष्णवर्णीय स्त्रिया रोज जे करतात, ते अमेरिकेच्या मुख्य वाहिनीवर रात्रीच्या मोक्याच्या वेळेत दिसले. सौंदर्याची मोजपट्टी कोणाची, हा प्रश्न त्यांनी भाषण न करता विचारला.

पुरस्कार स्वीकारताना मात्र त्या स्पष्ट बोलल्या. गुलामगिरीतून शेकडो माणसांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे स्मरण करून त्यांनी सांगितले की, कृष्णवर्णीय स्त्रिया आणि इतर यांच्यात फरक असेल तर तो फक्त संधीचा आहे. ज्या भूमिका लिहिल्याच जात नाहीत, त्यांच्यासाठी पुरस्कार मिळणार तरी कसा? त्यानंतर त्यांनी लेखकांचे आणि आपल्या सहकारी कृष्णवर्णीय अभिनेत्रींचे एकेक नाव घेऊन आभार मानले. 'मी जिंकले' असे न म्हणता 'आम्ही इथपर्यंत आलो' असे त्या बोलल्या, ही गोष्ट चळवळीतल्या माणसाच्या लक्षात यायला हवी. त्याच रात्री 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक'साठी उझो अडुबा आणि 'अमेरिकन क्राइम'साठी रेजिना किंग यांनाही सहायक अभिनेत्रीचे पुरस्कार मिळाले होते.

दार उघडायला किती वर्षे लागली

डेव्हिस यांच्या आधी कोणी नव्हते असे नाही. १९७० साली 'मॅनिक्स' या गुप्तहेर मालिकेसाठी गेल फिशर यांना ड्रामातील सहायक अभिनेत्रीचा एमी मिळाला. एमी जिंकणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांची भूमिका होती गुप्तहेराच्या सचिवाची. कथेचा नायक गोरा, त्याच्या कार्यालयाचा कारभार सांभाळणारी हुशार स्त्री काळी. मोलकरणीच्या भूमिकेपेक्षा हे पाऊल पुढचे होते, पण गोष्ट अजून तिची नव्हती.

चार वर्षांनी सिसली टायसन यांनी गोष्ट आपल्याकडे घेतली. 'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन' या टीव्ही-चित्रपटात त्यांनी गुलामगिरीत जन्मलेल्या आणि नागरी हक्कांच्या लढ्यापर्यंत जगलेल्या, ११० वर्षांच्या वृद्धेची भूमिका केली. शेवटी ती म्हातारी काठी टेकत जाते आणि फक्त गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या नळाचे पाणी पिते. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास माहीत असलेल्या आपल्या वाचकांना या दृश्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. १९७४ मध्ये टायसन यांना त्यासाठी मुख्य अभिनेत्रीचा एमी मिळाला. तो मालिकेसाठीचा नव्हता, एका विशेष चित्रपटासाठीचा होता. मालिका म्हणजे वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडा एकाच व्यक्तीच्या सुखदुःखाशी प्रेक्षकाने जोडून घेणे. तेवढी जागा कृष्णवर्णीय स्त्रीला द्यायला वाहिन्या तयार नव्हत्या.

त्याच १९७४ मध्ये 'गेट ख्रिस्ती लव्ह!' ही मालिका आली. तेरेसा ग्रेव्हज यांनी त्यात पोलीस गुप्तहेराची मुख्य भूमिका केली. मालिका एकच वर्ष चालली. त्यानंतर अमेरिकेच्या प्रमुख वाहिनीवर कृष्णवर्णीय स्त्री मुख्य भूमिकेत असलेली ड्रामा मालिका रुजायला २०१२ साल उजाडले. ती मालिका 'स्कँडल', अभिनेत्री केरी वॉशिंग्टन. मधली जवळजवळ चाळीस वर्षे! एक अख्खी पिढी जन्मली, शिकली, मोठी झाली आणि तिने आपल्या आई-बहिणीसारखी दिसणारी नायिका या प्रकारच्या मालिकेत जवळपास पाहिलीच नाही.

या काळात सहायक भूमिकांमध्ये आल्फ्रे वुडार्ड, मॅज सिंक्लेअर, मेरी ॲलिस यांना एमी मिळाले. 'फेम'साठी डेबी ॲलन यांना मुख्य अभिनेत्रीची चार नामांकने मिळाली, पण अभिनयाचा पुरस्कार मिळाला नाही. १९९५ मध्ये टायसन यांना 'स्वीट जस्टिस'साठी नामांकन होते. त्यानंतर २०१३ मध्ये वॉशिंग्टन यांचे नाव येईपर्यंत, म्हणजे १८ वर्षे, या विभागात एकही कृष्णवर्णीय नाव आले नाही. परीक्षकांच्या मनातला वर्णद्वेष हे याचे एक कारण असू शकते. पण मोठे कारण त्याआधीचे आहे. भूमिकाच नव्हती, तर नामांकन कोणाचे करणार? पुरस्कार ही साखळीची शेवटची कडी असते. पहिली कडी म्हणजे कोणती गोष्ट लिहायची आणि कोणत्या गोष्टीवर पैसा लावायचा, हा निर्णय.

निषेध, मोजणी आणि स्वतःचा सन्मान

ही साखळी हलवण्यासाठी कृष्णवर्णीय समाजाने काय केले? इथे एनएएसीपी या संघटनेचा इतिहास पाहावा लागतो. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०९ साली स्थापन केलेली ही संघटना न्यायालयात लढली, रस्त्यावर लढली आणि प्रतिमेच्या मैदानातही लढली.

१९५१ मध्ये सीबीएस वाहिनीवर 'एमॉस अँड अँडी' ही मालिका सुरू झाली. सर्व प्रमुख कलाकार कृष्णवर्णीय, पण पात्रे आळशी, लबाड, अर्धवट. एनएएसीपीने तिचा जाहीर निषेध केला आणि १९५३ मध्ये मालिकेचे नवे भाग बंद झाले. या विजयाला दुसरी बाजूही होती. कृष्णवर्णीय कलाकारांचे हातचे काम गेले आणि तसा कलाकार संच असलेली मालिका पुन्हा यायला बराच काळ लागला. वाईट प्रतिमा हटवली की चांगली प्रतिमा आपोआप येत नाही. ती घडवावी लागते, हा धडा तेव्हा मिळाला.

त्यानंतर दुसरा मार्ग आला. १९६७ मध्ये एनएएसीपीच्या बेव्हरली हिल्स–हॉलिवूड शाखेने 'इमेज अवॉर्ड' सुरू केले. दुसऱ्यांच्या पुरस्काराची वाट न पाहता आपल्या कलावंतांचा सन्मान आपणच करायचा, ही त्यामागची भूमिका. त्यात ड्रामा मालिकेतील अभिनेत्रीसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे. त्याचे महत्त्व एका उदाहरणातून कळते. अँजेला बॅसेट '९-१-१' या मालिकेत २०१८ पासून पोलीस अधिकाऱ्याची प्रमुख भूमिका करत आहेत. त्या भूमिकेसाठी एमीने त्यांना कधी नामांकनही दिले नाही. इमेज अवॉर्डने मात्र २०२३ मध्ये त्याच भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले. बॅसेट यांना पहिला एमी मिळाला तो २०२४ मध्ये, आणि तोही एका माहितीपट मालिकेतील निवेदनासाठी.

काही जण विचारतात, वेगळा पुरस्कार म्हणजे वेगळी चूल नाही का? आम्हाला तसे वाटत नाही. वेगळा पुरस्कार मुख्य पुरस्काराच्या बदल्यात मागितलेला नाही. कोणाचे काम डावलले जात आहे, याची नोंद तो ठेवतो. नोंद असेल तर पुढच्या वर्षी जाब विचारता येतो. नोंद नसेल तर 'तुमच्यात कोणी लायकच नव्हते' असे सांगणाऱ्यासमोर गप्प बसावे लागते.

तिसरा मार्ग मोजणीचा. १९९९ च्या उन्हाळ्यात एनएएसीपीचे अध्यक्ष क्वेसी एमफुमे यांनी चार मोठ्या वाहिन्यांच्या नव्या मालिका मोजल्या. २६ नव्या मालिका, आणि मुख्य भूमिकेत अल्पसंख्याक समाजातील एकही कलाकार नाही. त्यांनी बहिष्काराचा इशारा दिला. काही महिन्यांतच, २००० च्या सुरुवातीला, चारही वाहिन्यांनी प्रतिनिधित्व वाढवण्याचे करार केले. भावनिक आवाहनाने जे झाले नव्हते, ते एका साध्या आकड्याने आणि त्यामागे उभ्या असलेल्या संघटनेने केले.

लेखणी कोणाच्या हातात

करार झाले म्हणून नायिका लगेच आल्या नाहीत. त्या आल्या तेव्हा लेखणी आणि निर्मिती कृष्णवर्णीय स्त्रीच्या हातात आलेली होती. शोंडा राइम्स यांनी २००५ मध्ये 'ग्रेज ॲनाटॉमी' सुरू केली. ती यशस्वी झाल्यावर वाहिनीला त्यांचे ऐकावे लागले. त्यातून 'स्कँडल' लिहिली गेली आणि त्यांच्याच निर्मितीसंस्थेतून 'हाऊ टू गेट अवे विथ मर्डर' आली. नामांकनांचा १८ वर्षांचा दुष्काळ आणि मुख्य अभिनेत्रीच्या पुरस्काराची ६६ सोहळ्यांची प्रतीक्षा संपवणाऱ्या दोन्ही भूमिका एकाच स्त्रीच्या निर्मितीतून आल्या, हा योगायोग नाही. निर्णयाच्या खुर्चीत आपला माणूस बसला की काय होते, याचा हा पुरावा आहे.

पण एका व्यक्तीवर अवलंबून राहण्याचा धोकाही यात दिसतो. ज्या उद्योगात एका निर्मातीच्या दोन मालिकांनी इतिहास बदलतो, त्या उद्योगात इतरांना दारे किती बंद असतील याची कल्पना करा.

इथे रंगाचाही प्रश्न येतो. झेंडेया यांचे वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. आपल्या उजळ वर्णामुळे हॉलिवूडला आपण 'चालणारी' कृष्णवर्णीय मुलगी ठरतो आणि हे बदलले पाहिजे, असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे म्हटले आहे. २०२० मध्ये २४व्या वर्षी त्या या विभागातील सर्वांत तरुण विजेत्या ठरल्या, २०२२ मध्ये दोनदा जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरल्या. त्यांचे यश कष्टाचे आहे, त्याला उणे लेखण्याचे कारण नाही. पण गडद वर्णाच्या स्त्रीला हा मुख्य पुरस्कार आजवर एकदाच मिळाला आहे. वर्णद्वेषाच्या आतही एक उतरंड असते. उतरंड म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार?

आश्वासने आली, आणि गेली

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाकडून हत्या झाली आणि अमेरिका पेटून उठली. त्या लाटेत मनोरंजन कंपन्यांनी मोठमोठी आश्वासने दिली. सीबीएसने पुढच्या हंगामात आपल्या मालिकांच्या लेखकांपैकी ४० टक्के गौरेतर असतील, असे जाहीर केले. २०२१ मध्ये ड्रामातील मुख्य अभिनेत्रीच्या सहा नामांकनांपैकी तीन नावे होती उझो अडुबा, जर्नी स्मॉलेट आणि एमजे रॉड्रिगेझ. रॉड्रिगेझ या विभागात नामांकन मिळवणाऱ्या पहिल्या ट्रान्सजेंडर अभिनेत्री. चित्र आशादायक होते.

निकाल लागला तेव्हा तिघींपैकी कोणालाही पुरस्कार मिळाला नाही. इतकेच नव्हे, त्या वर्षी ड्रामा, विनोदी आणि लघुमालिका मिळून मुख्य व सहायक अभिनयाचे बाराही पुरस्कार गोऱ्या कलाकारांना गेले. त्याहून बोलकी गोष्ट स्मॉलेट यांच्या 'लव्हक्राफ्ट कंट्री'ची. जुलै २०२१ च्या सुरुवातीला एचबीओने ही मालिका पहिल्याच पर्वानंतर बंद केल्याचे जाहीर केले. दोन आठवडेही उलटले नव्हते तोच तिला एमीची १८ नामांकने मिळाली. 'पोज' ही रॉड्रिगेझ यांची मालिकाही त्याच वर्षी संपली. म्हणजे कौतुकाची यादी तयार होत असताना ज्या जागेवर उभे राहून ते कौतुक मिळवले, ती जागाच निघून गेली.

२०२५ मध्ये तर वारे उलटे फिरले. विविधता आणि समावेशनाच्या धोरणांविरुद्ध अमेरिकेच्या नव्या सरकारने मोहीम उघडली. फेब्रुवारीत सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने वंश आणि लिंगावर आधारित आकडेवारीची उद्दिष्टे सोडून दिली. मार्चमध्ये तिथल्या प्रसारण नियामकाने डिस्ने आणि एबीसी यांच्या समावेशन धोरणांची चौकशी सुरू केली. 'स्कँडल' आणि 'हाऊ टू गेट अवे विथ मर्डर' याच एबीसीवर प्रसारित झाल्या होत्या, हे विसरू नये. एखादी मालिका कल्पनेपासून पडद्यापर्यंत यायला काही वर्षे लागतात. आज जी दारे बंद होत आहेत, त्यांचा परिणाम आणखी काही वर्षांनी नामांकनांच्या यादीत दिसेल. तेव्हा पुन्हा कोणीतरी म्हणेल, 'यंदा लायक कोणी नव्हते.'

आपले जुने नाते

कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते आजचे नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृष्णवर्णीयांचे हार्लेम त्या विद्यापीठाच्या शेजारीच आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार त्यांच्या मनात होता. डु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरकडून घेतले.

ज्या डु बॉइस यांना बाबासाहेबांनी पत्र लिहिले, त्यांनी उभारण्यात वाटा उचललेली संघटना आज अभिनेत्रींना पुरस्कार देते. न्यायालय, मतपेटी आणि टीव्हीचा पडदा ही त्या संघटनेसाठी एकाच लढ्याची मैदाने आहेत. आपल्यातले काही कार्यकर्ते मनोरंजनाला हलके समजतात. त्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

जात आणि वंश एक नाहीत, याचे भान ठेवायलाच हवे. कातडीचा रंग पडद्यावर दिसतो, त्यामुळे अमेरिकेत कोण गैरहजर आहे ते मोजता येते. जात तशी दिसत नाही. ती आडनावात, बोलीत, ओळखीपाळखीत लपते. म्हणून आपल्याकडे मोजणीचे काम अधिक अवघड आहे आणि अधिक गरजेचेही. मालिकेतले पात्र कोणत्या समाजाचे आहे एवढे पाहून भागणार नाही. लेखक कोण, दिग्दर्शक कोण, निर्माता कोण, निवड समितीत कोण, हे विचारावे लागेल.

आमच्या तरुण वाचकांना आम्ही एवढेच सांगू: पुढच्या वेळी एखाद्या 'पहिल्या' पुरस्काराची बातमी आली की टाळ्या जरूर वाजवा, आणि लगेच तीन प्रश्न विचारा. याआधी किती वर्षे कोणी का नव्हते? ही भूमिका कोणी लिहिली? आणि पुढची लिहायला कोणाला पैसा मिळणार आहे? तुमच्यापैकी जे लिहू शकतात त्यांनी संहिता लिहावी, जे कॅमेरा चालवू शकतात त्यांनी तो हाती घ्यावा, जे संघटना बांधू शकतात त्यांनी मोजणी सुरू करावी. व्हायोला डेव्हिस यांनी संधी मागितली ती दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. आपणही ती तशीच मागायची आहे.